मुदतकाका

एखादी अमेरिकन कंपनी दुसरीला रोख पैसे मोजून विकत घ्यायला निघाली की त्या कामावर शंभरेक माणसं लागतात. त्यांतल्या नव्व्याण्णव जणांना घाई असते. उरलेले एक म्हणजे आमचे मुदतकाका.

बँकर मंडळींना घाई, कारण सौदा पुरा झाल्याखेरीज त्यांची दलाली सुटत नाही. घेणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षाला घाई, कारण मध्येच तिसरा कोणी जास्त भाव घेऊन टपकेल ही धास्ती. वकिलांना घाई, कारण बाकी सगळ्यांना आहे. कॉन्फरन्स कॉलवर सगळ्यांचं बोलून होईपर्यंत काका गप्प असतात आणि शेवटी एकच विचारतात, "जाहीर कधी करताय? वार सांगा फक्त, तारीख मी काढतो."

काका मॅनहॅटनमधल्या एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल आहेत. वकील नाहीत, आणि हे ते स्वतःच आधी सांगून टाकतात, म्हणजे पुढे कोणी सल्ला ऐकला नाही तर जबाबदारी आपली नाही. मूळचे डोंबिवलीचे, बी.कॉम., मुंबईत एका बँकेच्या क्लिअरिंगच्या टेबलावर होते. चेक वेळेत परत गेला नाही की तो पास झाला असं धरतात, हे ज्ञान तिथलं. पुढे बायकोची नोकरी न्यू जर्सीत आली, तिच्यामागोमाग काका आले, आणि क्लिअरिंगचं टेबल कोट्यवधी डॉलरच्या सौद्यांना लागलं. आमच्या एडिसन गावाच्या रीतीप्रमाणे मी त्यांना काका म्हणतो. ऑफिसात त्यांना नाव नाही. तिथे त्यांना 'एचएसआर' अशीच हाक पडते आणि ते 'ओ' देतात.

एचएसआर म्हणजे हार्ट, स्कॉट आणि रोडिनो. सिनेटर फिलिप हार्ट मिशिगनचे, सिनेटर ह्यू स्कॉट पेनसिल्व्हेनियाचे, आणि काँग्रेसमन पीटर रोडिनो आमच्या न्यू जर्सीचे, नेवार्कचे. निक्सनवरच्या महाभियोगाची सुनावणी ज्यांच्या समितीपुढे झाली तेच हे रोडिनो. जगाला ते त्यासाठी ठाऊक आहेत. काकांच्या लेखी निक्सन ही त्यांच्या आयुष्यातली किरकोळ बाब. या तिघांच्या नावाच्या कायद्यावर ३० सप्टेंबर १९७६ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी सही केली. तेव्हापासून अमेरिकेत एका ठरावीक रकमेवरचा सौदा करायचा तर आधी फेडरल ट्रेड कमिशनला आणि न्याय खात्याला कळवायचं, मग ठरलेले दिवस थांबायचं, आणि मगच शेअर हातात घ्यायचे. ती रक्कम पूर्वी दीड कोटी डॉलर होती, २०२५ मध्ये ती १२ कोटी ६४ लाखांवर गेली.

आधी कशाला कळवायचं, असं कोणी नवख्या वकिलाने विचारलं की काका खुर्ची मागे सरकवतात. मग एल पासो नॅचरल गॅसची कथा होते. या कंपनीने १९५७ मध्ये वायव्य अमेरिकेतली एक पाइपलाइन कंपनी घेतली. सरकारने दावा लावला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, जिंकलंसुद्धा, आणि दोन्ही कंपन्या प्रत्यक्षात वेगळ्या व्हायला १९७४ उजाडलं. "सतरा वर्षं! अरे, कालवलेल्या दहीभातातून दही परत काढायला निघाले होते ते. त्यापेक्षा कालवायच्या आधी विचारा ना." एवढं बोलून काका डबा उघडतात. डब्यात बहुतेकदा दहीभातच असतो.

बहुतेक सौद्यांना थांबण्याचे दिवस तीस. पण फक्त रोख पैसे देऊन भागधारकांकडून थेट शेअर घ्यायचे असतील, ज्याला रोख टेंडर ऑफर म्हणतात, तर पंधरा. ही सवलत का, तर अशी ऑफर कधी कधी समोरच्या कंपनीच्या संचालकांच्या मनाविरुद्ध येते. सरकारने जास्त दिवस खाल्ले तर त्या वेळात संचालक तटबंदी करतील, म्हणजे सरकार नकळत एका बाजूला झुकलं असं होईल. म्हणून पंधरा दिवस. मोबदल्यात स्वतःच्या कंपनीचा एखादा शेअर जरी मिसळला, तरी पुन्हा तीस. काकांचा जीव या पंधरा दिवसांत आहे. तीस दिवसांचं काम ते करतात, पण मन लागत नाही. "तीस दिवसांत कोणीही पोहोचतो," असं त्यांचं मत.

पंधरा दिवसांचं त्यांचं गणित ऐकण्यासारखं आहे. फॉर्म पोहोचला तो दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. पंधरावा दिवस रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपतो, घड्याळ वॉशिंग्टनचं. पंधरावा दिवस शनिवारी, रविवारी किंवा सरकारी सुट्टीला आला तर पुढच्या कामाच्या दिवसावर जातो. आता पंधरा म्हणजे दोन आठवडे आणि वर एक दिवस. तेव्हा गुरुवारी फॉर्म दिला तर शुक्रवारी रात्री मोकळे. शुक्रवारी दिला तर पंधरावा दिवस शनिवार, म्हणजे सोमवारची रात्र. एका दिवसाच्या आळसाला तीन दिवस भरावे लागतात. त्या सोमवारी सुट्टी असली तर चार. शिवाय फॉर्म संध्याकाळी पाचनंतर पोहोचला की तो दुसऱ्या दिवसाचा धरतात, त्यामुळे गुरुवारी पाच वाजून एका मिनिटाला दिलेला फॉर्म हा शुक्रवारचा फॉर्म. अब्जाधीशांना हे पटायला वेळ लागतो. विमान त्यांच्यासाठी थांबतं, त्यामुळे गुरुवारही थांबेल असं त्यांना वाटत असतं.

अमेरिकेतल्या सरकारी सुट्ट्या काकांना तोंडपाठ आहेत. त्या कशाच्या आहेत यात ते फारसे पडत नाहीत. २०२१ मध्ये जूनटीन्थची राष्ट्रीय सुट्टी नव्याने सुरू झाली. सगळा देश गुलामगिरीच्या इतिहासावर बोलत होता आणि काका म्हणत होते, "म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या ऑफरी पुन्हा मोजायला हव्यात."

कंपनी नेमकं काय करते याच्याशीही त्यांना कर्तव्य नसतं. सरकारच्या वर्गीकरणात प्रत्येक धंद्याला सहा आकडी क्रमांक आहे आणि फॉर्मात महसूल त्या क्रमांकांनी दाखवायचा असतो. कॅन्सरवर औषध काढणारी कंपनी आली तर ती ३२५४१२. तेच औषध आपल्या एखाद्या नातलगाला चालू असेल हे त्यांच्या लक्षात येत नाही असं नाही, पण ते दुसऱ्या खात्यात जमा असतं. दुपारी बाहेर जेवायला जायचं तर मला विचारतात, "७२२५११ की ७२२५१३?" पहिल्यात वेटर येतो, दुसऱ्यात काउंटरवर पैसे देऊन ट्रे आपण उचलायचा. ते नेहमी दुसऱ्यात जातात, टिप वाचते.

फॉर्मातला खरा रंगतदार भाग म्हणजे ज्यांना ४(सी) म्हणतात ती कागदपत्रं. सौद्याचा विचार करताना कंपनीच्या अधिकाऱ्यांनी किंवा संचालकांनी, किंवा त्यांच्यासाठी कोणी, स्पर्धा, स्पर्धक, बाजारातला वाटा, वाढीची शक्यता यांवर जे काही लिहिलं असेल ते सगळं सरकारला द्यायचं. सगळं म्हणजे ईमेलसुद्धा. त्यासाठी काका मोठमोठ्या अधिकाऱ्यांना एकेक करून फोनवर घेतात. आवाज अगदी मऊ. "आपण काही लिहिलं होतंत का?" अधिकारी म्हणतो, नाही. "एखादं प्रेझेंटेशन?" नाही. "विमानात बसल्या बसल्या मोबाइलवर, बोर्डातल्या मित्राला, सहज, दोन ओळी?" इथे फोनवर जो थोडा वेळ कोणी बोलत नाही, तो काकांच्या कारकिर्दीतला सर्वांत सुखाचा वेळ.

त्या दोन ओळींत काय असतं हे त्यांना आधीच ठाऊक असतं. माणूस कंपनी विकत घ्यायला निघाला की त्याच्या अंगात सेनापती संचारतो. 'या खरेदीनंतर बाजारात आपल्याला तोड नाही.' 'भाव आपण ठरवू.' प्रत्यक्षात त्याच्या कंपनीचा वाटा सहा टक्के असतो आणि भाव ठरवतात वॉलमार्टवाले. पण लिहिलं ते लिहिलं. फाडता येत नाही, लपवता तर मुळीच येत नाही. हर्स्ट कंपनीने एका खरेदीच्या वेळी अशी कागदपत्रं दिली नव्हती, तिला २००१ मध्ये ४० लाख डॉलर दंड झाला. त्याआधी ब्लॅकस्टोनच्या प्रकरणात कंपनीबरोबर फॉर्मवर सही करणाऱ्या भागीदारालाही स्वतःच्या खिशातून ५० हजार डॉलर भरावे लागले होते. ही दुसरी गोष्ट काका सही घेण्याच्या पाच मिनिटं आधी सांगतात. आधीच सांगितली तर माणूस विसरतो, आणि सहीनंतर सांगण्यात अर्थ नसतो.

१० फेब्रुवारी २०२५ रोजी नवा फॉर्म लागू झाला. जुन्याला सरासरी ३७ तास लागत, नव्याला १०५ लागतील असा खुद्द कमिशनचाच अंदाज होता. परकीय भाषेतल्या कागदांचं भाषांतर, दोन्ही कंपन्या कुठे कुठे एकमेकींशी स्पर्धा करतात याचं वर्णन, सौद्याची सूत्रं हलवणाऱ्या मुख्य माणसाच्या फायली, असं बरंच वाढलं. उद्योजकांच्या चेंबरने टेक्सासच्या कोर्टात दावा ठोकला. फर्ममध्ये हाहाकार उडाला. काकांनी नवा फॉर्म छापून घेतला, स्पायरल बाइंडिंग केलं आणि शनिवार-रविवारी घरी वाचून काढला. सोमवारी काकू मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "इतक्या प्रेमाने त्यांनी मुलीच्या लग्नाची यादी वाचली नव्हती."

फॉर्मबरोबर प्रतिज्ञापत्र लागतं. टेंडर ऑफरच्या बाबतीत त्यात दोन गोष्टी शपथेवर सांगाव्या लागतात: समोरच्या कंपनीला आम्ही रीतसर कळवलं आहे, आणि ऑफरचा इरादा जाहीर झाला आहे. म्हणजे मनात मांडे खाऊन फॉर्म भरता येत नाही, आधी चारचौघांत बोलावं लागतं. आणि मग फी. ती कायद्याने घेणाऱ्याने भरायची. २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे कमीत कमी ३० हजार डॉलर, आणि सौदा ५५५ कोटी ५० लाख डॉलर किंवा त्याहून मोठा असेल तर २३ लाख ९० हजार. हे पैसे वायरने पोहोचले की नाही याची खात्री करायला काका बँकेला स्वतः फोन करतात. टर्नपाइकचा टोल वाचवायला चाळीस मिनिटांचा वळसा घालणारा हा माणूस तेवीस लाख डॉलरबद्दल "फक्त तेवीस ना?" असं विचारतो, तेव्हा दुसऱ्याच्या पैशाने माणसाला किती उदारपण येतं ते दिसतं.

२०२० पर्यंत हे बहुतेक कागदावरच होतं. खोके भरायचे आणि वॉशिंग्टनला माणूस पाठवायचा. काका बऱ्याचदा स्वतः गेले आहेत. पहाटेची ट्रेन, मांडीवर खोका, शेजारच्या सीटवर कोणी कॉफी घेऊन बसलं की उठून दुसरीकडे. पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर फेडरल ट्रेड कमिशनची त्रिकोणी इमारत आहे, तिच्या दोन बाजूंना उधळलेल्या घोड्याला आवरणाऱ्या दणकट माणसाचे पुतळे आहेत. १९४२ पासून तो घोडा म्हणजे व्यापार आणि तो माणूस म्हणजे सरकार. काकू पहिल्यांदा वॉशिंग्टन बघायला गेल्या तेव्हा काकांनी त्यांना लिंकनच्या आधी हा घोडा दाखवला. काकू म्हणाल्या, "घोड्याचं बरं चाललेलं दिसतंय." मक्तेदारीविरोधी कायद्याच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासावर यापेक्षा नेमकं भाष्य मी वाचलेलं नाही.

फॉर्म गेला की पंधरा दिवस काका वेगळेच दिसतात. दाढी रोज, शर्ट इस्त्रीचा, कोणी आवाज चढवला तरी ते चढवत नाहीत. समोरची कंपनी रुसून बसली तरी त्यांना फिकीर नसते. टेंडर ऑफरचं घड्याळ घेणाऱ्याच्या फॉर्मने सुरू होतं. समोरच्याला दहा दिवसांत आपला फॉर्म द्यायचा असतो, त्याने नाही दिला म्हणून घड्याळ थांबत नाही. धास्ती एकाच गोष्टीची असते, वॉशिंग्टनच्या फोनची. कमिशनच्या एखाद्या तरुण वकिलाने गोड आवाजात "दोन-तीन प्रश्न होते" म्हटलं की समजावं. त्याचं समाधान नाही झालं तर 'सेकंड रिक्वेस्ट' येते, म्हणजे गोदामभर कागद मागणारं पत्र. मग घेणारा ते सगळे कागद देईपर्यंत सौदा अडकतो, आणि दिल्यानंतरही आणखी दहा दिवस थांबायचं. ते टाळायला एक पळवाट कायद्यानेच ठेवली आहे: फॉर्म मागे घ्यायचा आणि दोन कामाच्या दिवसांत पुन्हा द्यायचा. सरकारला नवे पंधरा दिवस मिळतात, आपल्याला दुसऱ्यांदा फी पडत नाही. मात्र हे एकदाच. काकांनी याचा घरगुती उपयोगही केला आहे. काकूंशी वाद अंगाशी येतोय असं दिसलं की ते म्हणतात, "मी म्हणणं मागे घेतो, परवा पुन्हा मांडतो."

घेणारा आणि विकणारा यांनी या मुदतीत एकत्र कारभार सुरू करायचा नाही, हा नियम काका जिवापाड जपतात. मध्यंतरी न्यू जर्सीतल्या दोन ढोल-ताशा पथकांनी एक व्हायचं ठरवलं. हिशोब बघायला म्हणून काकांना बोलावलं, ती चूक झाली. काकांनी पहिल्याच बैठकीत बजावलं की कागदावर सह्या होईपर्यंत तुम्ही प्रतिस्पर्धी आहात, तेव्हा ताल एकत्र बसवायचे नाहीत आणि सुपारीचे दर एकमेकांना सांगायचे नाहीत. एक मुलगा म्हणाला, "काका, ढोल आहेत हो, सॉफ्टवेअर नाही." काकांना तेच हवं होतं. त्यांनी कॉम्प्युटर असोसिएट्सची गोष्ट लावली. या न्यूयॉर्कच्या कंपनीने १९९९ मध्ये प्लॅटिनम टेक्नॉलॉजीसाठी सुमारे ३५० कोटी डॉलरची रोख टेंडर ऑफर दिली. सौदा सरकारने नंतर होऊ दिला. पण मुदत संपायच्या आधीच प्लॅटिनमने गिऱ्हाइकाला २० टक्क्यांहून जास्त सूट द्यायची तर आम्हाला विचारा, असा प्रकार सुरू झाला होता. २००२ मध्ये त्याबद्दल ६ लाख ३८ हजार डॉलर भरून प्रकरण मिटलं. पथकातली मुलं गंभीर झाली. त्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत दोन्ही पथकं शेजारी शेजारी उभी राहून कायद्याचा मान राखत वेगवेगळे ताल वाजवत होती. दोन्ही पथकांची मिळून मालमत्ता चाळीसेक ढोल आणि एक जुनी व्हॅन. कायद्याची २०२५ मधली मर्यादा १२ कोटी ६४ लाख डॉलरची. हे मी काकांच्या कानाशी ओरडून सांगितलं, तर म्हणाले, "सवय चांगली असावी."

पंधराव्या रात्रीचं वर्णन करायला हवं, पण करण्यासारखं काही नाही. ११ वाजून ५९ मिनिटं होतात आणि जातात. सरकारचं पत्र येत नाही, शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. सरकार काही बोललं नाही, हीच मोकळीक. आणि तीही पक्की नव्हे, पुढे कधी वाटलं तर सरकार दावा लावू शकतंच. शिक्क्यांच्या देशात वाढलेल्या काकांना सुरुवातीला हे फार लागलं होतं. पहिल्या सौद्यानंतर त्यांनी म्हणे कमिशनच्या ऑफिसात फोन करून पोच मागितली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, आमच्याकडून काही आलं नाही ना, मग झालं. आता ते मध्यरात्री सगळ्यांना एका ओळीची ईमेल पाठवतात, मुदत संपली. सकाळी बँकर लोक एकमेकांचं अभिनंदन करतात. काकांच्या ईमेलला उत्तर येत नाही, आणि तेही त्यांना आता मोकळिकीसारखंच वाटत असावं.

नेवार्कला ब्रॉड स्ट्रीटवर पीटर रोडिनो फेडरल बिल्डिंग आहे. तिथे इमिग्रेशनचं ऑफिस आहे, आणि आमच्या भागातली कितीतरी मराठी माणसं धडधडत्या छातीने तिथे मुलाखतीला जाऊन आली आहेत. त्यांतला बहुधा एकही जण रोडिनो कोण हे विचारत नाही. काका नागरिकत्वाच्या मुलाखतीला गेले तेव्हा दारातल्या नावाच्या पाटीला नमस्कार करून मग आत गेले. अधिकाऱ्याने विचारलं, कायदे कोण करतं? अपेक्षित उत्तर एका शब्दाचं होतं. काकांनी तीन नावं सांगितली. अधिकारी हसला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. काका पास झाले.

वाचकांपैकी कोणी अमेरिकेतली एखादी कंपनी रोखीने घ्यायच्या बेतात असेल, तर त्याने तीन गोष्टी कराव्यात. बाजार काबीज करण्याबद्दल मोबाइलवर कोणाला काही लिहू नये. फीचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. आणि फॉर्म गुरुवारी द्यावा, पाचच्या आत.